बाहेरचा पॉइंट

"तात्यांचं डोकं कुठल्या अंगाला येणार?" सरदारने विचारलं.

त्याच्या हातात खडू होता, पण भिंतीवर अजून खूण नव्हती. भामाबाईने आतल्या खोलीच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"तितं. बाज तितं टाकायची, डोकं भिंतीकडं."

"दारापासनं येवढं लांब?"

"लांबच पायजे. दारातनं दव येतं. गार हवा लागू द्यायची न्हाय म्हणलंय डॉक्टरांनी."

सरदार मुलाणी निमगाव केतकीत आणि आसपासच्या वस्त्यांवर सत्तावीस वर्षं वायरिंगची कामं करत होता. कुठंही गेला तरी हत्यारांची पिशवी उघडण्याआधी तो घरातल्या माणसांची चौकशी करी. कोण कुठं झोपतं, कोण डावरं आहे, म्हातारं माणूस उठताना कशाला धरतं. त्यानंतर पॉइंटची जागा ठरे. "सरदार पॉइंट काढायला आलाय का सोयरीक जमवायला?" असं लोक म्हणत. तो हसत नसे आणि प्रश्नही सोडत नसे.

"काकी, तात्या आत झोपत्यात?"

भामाबाईने केरसुणी उचलून मागच्या भिंतीकडची जागा झाडायला घेतली.

"न्हाय म्हंजे, मी सकाळी हितनंच गाडीवरनं जातो. थंडी असू द्या न्हायतर काय असू द्या, बाज अंगणातच दिसती."

"आता झोपतील. आजारी माणूस हाय. न झोपून सांगतंय कुणाला?"

तिचा नवरा बिरदेव, म्हणजे तात्या, अकरा दिवस बारामतीच्या एका दवाखान्यात होता. आयुष्यभराची धूळ आणि बिडी यांनी फुप्फुसं निकामी होत आली होती. डॉक्टर घरी सोडायला तयार होते, पण ऑक्सिजनच्या मशीनसह. दिवसाचे सोळा तास नळी नाकाला. बोटाला लावायच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली जाऊ द्यायचा नाही. मशीन भाड्याने देणाऱ्याने आणखी एक अट घातली होती. घरात अर्थिंग असलेला, मीटरपासून वेगळी लाइन घेतलेला थ्री-पिन सॉकेट हवा. एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही, आणि सात फुटांची नळी परस्पर वाढवायची नाही, हवा कमी पडते. सॉकेटचा फोटो पाहिल्यावरच तो मशीन गाडीत चढवणार होता. मशीनचं भाडं मुलगी सुकन्या भरणार होती, ती पणदऱ्याला दिली होती. सॉकेटचं भामाबाईने स्वतःकडे घेतलं होतं.

तिच्या घरकुलात तीन वर्षांपासून एकच बोर्ड होता, दाराशेजारी. एक दिवा, एक पंखा आणि फोन लावायचं एक दोन पिनांचं भोक.

"मी काय म्हणतो," सरदार म्हणाला, "मीटर बाहेरच्या भिंतीला हाय. पत्र्याखाली, मीटरच्या शेजारीच मशीनचा पॉइंट काढला तर वायर चार मीटर लागती. मागच्या भिंतीला न्यायची म्हणली तर धा-बारा मीटर. दोन्हीचा हिशोब सांगतो, मग तुमी ठरवा."

त्याने खडूने दारामागच्या भिंतीवर आकडे लिहिले. हीही त्याची पद्धत. कागद हरवतो, भिंत हरवत नाही. मजुरी पॉइंटला साडेतीनशे, तीन पॉइंटचे एक हजार पन्नास. सॉकेट आणि बॉक्स नऊशे साठ. एमसीबी तीनशे चाळीस. अर्थिंगचा खड्डा, पाइप, मीठ, कोळसा धरून सतराशे. वायर आणि पट्टी, बाहेर काढलं तर साडेआठशे, आत नेलं तर एकवीसशे पन्नास. बाहेरचं काम चार हजार नऊशे. आतलं सहा हजार दोनशे.

भामाबाईकडे सात हजार होते. चार हजार बचत गटातून काढलेले, तीन हजार डाळिंबाच्या पॅकिंगवर मिळालेल्या मजुरीतून राहिलेले.

"तेराशे रुपयं निस्ते भिंतीपायी चालल्यात, काकी."

"जाऊ द्या. आतच काढा."

"एकदा तात्यांना फोन करून इचारू का?"

"सरदारभाई, तुमी पॉइंट काढा. माझ्या नवऱ्याला काय इचारायचं त्ये मी इचारीन."

सरदारने मागच्या भिंतीवर, बाजेच्या उंचीचा अंदाज घेऊन, फुली मारली.

भामाबाईने त्याला जे सांगितलं नाही ते असं होतं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती. पहिली तेवीस वर्षं मेंढरांमागे गेली. दसरा-दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, पावसाआधी वर यायचं. मुक्कामाला ती पोरांजवळ आणि कोकरांजवळ झोपायची, बिरदेव कळपाच्या कडेला. मग मेंढरं विकली आणि तो एका डाळिंबाच्या बागेत राखणीला लागला. तिथेही झोप उघड्यावरच. तीन वर्षांपूर्वी घरकुल मंजूर झालं, स्लॅब पडला, दाराला कडी लागली. पहिल्या रात्री त्याने बाज उचलली आणि अंगणात नेऊन टाकली. ती आत, दार अर्धं उघडं ठेवून. तीन वर्षं हेच चाललं होतं. आता मशीन येणार होतं आणि मशीनची नळी सात फुटांची होती. सात फुटांत माणूस अंगणात जाऊ शकत नाही.

काम दीड दिवस चाललं. सरदारने पट्टी ठोकली, तीत वायर घातली, मीटरशेजारी एमसीबीची डबी बसवली. अंगणात कंबरेइतका खड्डा खणून त्यात पाइप उभा केला. मिठाचा आणि कोळशाचा एकेक थर देत तो खड्डा भरत होता तेव्हा शेजारची बनाबाई कुंपणावरून पाहत उभी राहिली.

"काय गं भामे, लोणचं घालतीस का काय?"

"व्हय, सरदारभाईचं घालती. बसून खाऊ वर्सभर."

"मुरायला टाइम लागंल," सरदार मान वर न करता म्हणाला. "हाड लई कडक हाय."

तीन पॉइंटांपैकी एक मशीनचा, एक औषधाची वाफ घ्यायच्या छोट्या यंत्राचा. दोन्ही मागच्या भिंतीला. तिसरा बाहेरच्या खोलीत चुलीपासून हात-दीड हातावर, कट्ट्याच्या वर. तो तिने स्वतःसाठी सांगितला होता. सुकन्याने दिलेला मिक्सर चार वर्षं खोक्यात पडून होता, कारण तो लावायला जागाच नव्हती.

शेवटचा स्क्रू आवळल्यावर सरदारने टेस्टर लावून दाखवला, फोटो काढून सुकन्याला पाठवला आणि भिंतीवरच्या हिशोबाखाली रेघ मारली. भामाबाईने सहा हजार दोनशे मोजून दिले. तिच्याकडे आठशे उरले. तिने मिक्सरात शेंगदाणे, मिरच्या, लसूण घातला आणि बटण दाबलं. आवाजाला ती दचकून मागे सरली. मग भाकरीवर चटणी घालून सरदारला दिली.

"कशी झालीय?"

"बारीक झालीय. पाट्यावरची न्हाय म्हणता यायची."

"पर झटक्यात झाली की न्हाय?"

"त्ये खरं."

दुसऱ्या दिवशी बुधवारी बिरदेव जीपमधून घरी आला. भवानीनगरकडे चाललेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागे जीप अडकत होती, तीस-पस्तीस किलोमीटरांना दोन तास लागले. सुकन्याने वडिलांना धरून आत नेलं, बाजेवर बसवलं, मशीन लावलं. मशीन घुमायला लागलं. यंत्रात आकडा आला, एक्याण्णव. लाइट गेली तर वापरायचा छोटा सिलिंडर कोपऱ्यात उभा होता, तो पान्याने कसा उघडायचा हे सुकन्याने आईकडून दोनदा करून घेतलं.

"अडीच-तीन तास पुरतो, आये. तेवढ्यात लाइट येतीच."

"येती. तू जा आता. तुझी जनावरं खोळंबली असतील धारंला."

बिरदेव छताकडे पाहत होता. मग भिंतींकडे. चारी भिंती पाहून झाल्यावर तो म्हणाला, "झ्याक केलंय." आणि डोळे मिटले. भामाबाईला वाटलं, तेराशे रुपये वसूल झाले.

गुरुवारी सकाळी ती दूध आणायला गेली आणि परत आली तेव्हा बाज रिकामी होती. नळी उशीवर पडून फुसफुसत होती. बिरदेव अंगणात, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला होता. ओठ जांभळे. बोटाच्या यंत्रात ऐंशी.

"अवं, जीव द्यायचाय का तुमाला?"

त्याला उत्तर द्यायला वेळ लागला. शब्द दोन-दोन करून येत होते.

"आत… काय आयकू… येत न्हाय."

"काय आयकायचंय तुमाला?"

"काय बी… मेंढरं गप झाली… म्हंजे लांडगा. पन्नास वर्सं… तसंच झोपलो. गप झालं की… जाग येती. अन् मग… छातीत दम मावत न्हाय."

"मेंढरं इकून अठरा वर्सं झाली."

"मला म्हाईत हाय. छातीला… न्हाय म्हाईत."

तिने त्याला आत नेलं. गुरुवारी असं तीनदा झालं. तिने दाराला कडी लावून पाहिली, तर तो उठून बसून राहिला आणि नळी नाकात असूनही आकडा शहाऐंशीवर आला. कडी काढल्यावर सत्त्याऐंशी. डॉक्टरांनी अठ्ठ्याऐंशी सांगितलं होतं. संध्याकाळी भामाबाईने सुकन्याला फोन केला नाही. काय सांगणार? मागची भिंत तिनेच निवडली होती.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता ती बनाबाईकडून एक्स्टेन्शन बोर्ड मागून घेऊन आली. चालणार नाही असं सांगितलेलं तिला आठवत होतं. पण तासभर चालेल, ऊन चढेपर्यंत चालेल, असा तिने विचार केला. बोर्डाची वायर मागच्या भिंतीपासून दोन खोल्यांतून दाराबाहेर काढली, मशीन पत्र्याखाली ठेवलं, बाज अंगणात ओढली. बिरदेव आडवा झाला. कुठंतरी कुत्रं भुंकत होतं, रस्त्यावर ट्रॉलीची साखळी वाजत होती, बनाबाई कोंबड्यांना शिव्या देत होती. पाच मिनिटांत त्याचा श्वास संथ झाला. वीस मिनिटांनी तिने बोटाला यंत्र लावलं. ब्याण्णव.

ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली.

अकरा वाजून गेल्यावर जळका वास आला. बोर्ड एका बाजूने वितळला होता आणि मशीनची पिन त्यात चिकटून बसली होती. मशीन एकसारखं टीं-टीं करत बंद पडलं. तिने आत जाऊन बटण बंद केलं. पिन ओढून काढली तर एक काडी काळी पडून वाकलेली. ती आता भिंतीतल्या सॉकेटमध्येही जाईना. मशीन धड होतं, सॉकेट धड होता, पण दोन्ही जोडणारी पिन गेली होती.

भामाबाईने सिलिंडर ओढत बाहेर आणला, पान्याने उघडला, नळी बदलली. तेव्हा अकरा वीस झाले होते. मग तिने सरदारला फोन लावला.

"सरदारभाई, मी चुकली."

"काय झालंय त्ये सांगा आधी."

तिने सांगितलं.

"सिलिंडर चालू केला? तात्या बोलत्यात? मग घाबरू नका. मी इंदापुरात हाय, एका दुकानाचं काम चाललंय. निघालो."

तो सव्वाबाराला आला. आल्यावर त्याने पहिल्यांदा सिलिंडरचा काटा पाहिला, मग बिरदेवकडे, मग मशीनची पिन. वितळलेला बोर्ड त्याने पायाने बाजूला सारला. पत्र्याखालच्या भिंतीशी जाऊन, बाज जिथे होती तिथून हाताच्या वितीने अंतर मोजलं.

"तात्या, डोकं हिकडंच ऱ्हाणार ना?"

बिरदेवने हात हलवला. हिकडंच.

"सरदारभाई," भामाबाई म्हणाली, "माझ्यापाशी आठशे रुपयं हाईत. चुलीपाशी जो पॉइंट काढलाय त्यो काढून घ्या. त्याची वायर, त्याचं सॉकेट हितं लावा. मला पाटा हाय."

सरदार स्टुलावर चढला होता. तो तिथूनच म्हणाला, "तुमचा कशाला काढायचा? मागच्या खोलीतली वायर वडून काढतो. ती आठ मीटर हाय, हितं लागणार चार. वर आणि उरंल. तुमचा पॉइंट वाटंवर हाय, त्येला धक्का न्हाय. दोन पॉइंटची मजुरी सातशे आन् नवी पिन नव्वद. सातशे नव्वद."

भामाबाईने हिशोब मनात पुन्हा केला. बरोबर होता.

"दोन पॉइंट कशाला? मशीनचा एक पुरं की."

"त्यो वाफंचा. वाफ दिसातनं तीनदा. बाकीच्या टायमाला काय हुणार सांगतो. बाहेर बसलेल्या माणसापाशी माणसं येत्यात. आली की फोन लावायला जागा बघत्यात. एकच पॉइंट असला तर कुणीतरी दोन मिनटं म्हणून मशीनची पिन उपसणार. म्हणून दोन."

त्याने पट्टीची झाकणं काढली आणि मागच्या खोलीतून वायर ओढून घेतली. मागच्या भिंतीवर दोन चौकोनी बॉक्स उघडे राहिले. ते त्याने पांढऱ्या कोऱ्या पट्ट्यांनी झाकले. बाहेर सॉकेट बसवल्यावर त्याने तेलाचा एक रिकामा प्लास्टिकचा डबा मागितला, तिरका कापला आणि दोन्ही सॉकेटांवर टोपीसारखा उलटा ठोकला. दव आत जाऊ नये म्हणून. मशीनला नवी पिन लावली, टेस्टर लावून अर्थिंग तपासलं. एक वाजून दहा मिनिटांनी मशीन घुमायला लागलं. सिलिंडर बंद केला तेव्हा काटा तळाच्या थोडा वर होता.

भामाबाईने आठशे रुपये पुढे केले. सरदारने दहा परत दिले.

"आवं, ऱ्हाऊ द्या. इंदापुरातनं काम टाकून आलाय तुमी. पेट्रोल तरी…"

"न्हाय काकी. आणि तुमी उलटं म्हणाला असता, सरदारभाई मजुरी सोडा, तरी सोडली नसती."

"का वं?"

"आज सोडली तर उद्या वायर जळाल्यावर तुमी मला फोन करायच्या न्हाईत. म्हणशाल, गेल्या टायमाला फुकट करून गेलाय, आता कसं बोलवावं. अन् बसशाल परत कुणाचा तरी बोर्ड आणून." त्याने उरलेल्या वायरचं वेटोळं करून खिळ्याला अडकवलं. "ही तुमची. चार मीटर हाय."

तो पिशवी उचलून गाडीकडे गेला. दीडची जुम्याची नमाज त्याला गाठायची होती. भामाबाई त्याच्यामागे कुंपणापर्यंत गेली. तिला बरंच काही बोलायचं होतं. सरदारने पहिल्या दिवशी तीनदा विचारलं होतं आणि तिने तीनदा त्याला गप्प केलं होतं. आज तो आला आणि एकदाही 'मी म्हणलो हुतो' असं म्हणाला नाही. यासाठी कोणता शब्द असतो ते तिला सुचेना.

"सरदारभाई, तुमच्या घरच्यांना सांगा, भामाबाईनं इचारलंय म्हणून."

"काय इचारलंय म्हणून सांगू?"

"काय न्हाय. निस्तं इचारलंय म्हणून सांगा."

"सांगतो," सरदार म्हणाला आणि गाडीला किक मारली.

त्या दिवसापासून बिरदेवची बाज अंगणात राहिली. डोकं पत्र्याखाली, पाय आभाळाखाली. अंगावर घोंगडी, कानाला मफलर. दवाखान्यात तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर उघड्यावर झोपण्याबद्दल रागावले, मग सुकन्याने वहीत लिहून आणलेले आकडे त्यांनी वाचले आणि म्हणाले, "नाक-कान झाका. बाकी चालू द्या."

सरदारचं म्हणणं तिसऱ्याच दिवशी खरं झालं. बिरदेवला पाहायला आलेल्या एका भावकीतल्या माणसाने बसता बसता खिशातून चार्जर काढला. त्यानंतर रोज कुणी ना कुणी. बाहेर बसायला जागा, बोलायला माणूस आणि फोन लावायला सॉकेट अशी रस्त्याकडेची तीच एक जागा होती. भामाबाईने अंगणात दहा फुटांवर चुन्याची रेघ मारली. मशीनपासून दहा फूट आगीला बंदी, असं मशीन भाड्याने देणाऱ्याने सांगितलं होतं. बिडीवाले रेघेच्या पलीकडे उकिडवे बसत आणि तिथूनच ओरडून बोलत.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सकाळी आठच्या सुमाराला रस्त्यावर मेंढरं आली. गेणबाचा कळप, सव्वादोनशेच्या आसपास, कोकणात निघालेला. गेणबा बिरदेवपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. पोरवयात दोन हंगाम बिरदेवच्या कळपाबरोबर चालला होता. त्याची बायको घोड्यावर सामान लादून पुढे गेली होती. मेंढरं रस्त्याच्या कडेने चरत सोडून तो अंगणात आला, बिरदेवच्या पायाला हात लावला आणि सवयीने बिडी काढली.

"रेघंच्या पल्याड!" बिरदेव म्हणाला.

"आं?"

"हितं पेटीवलीस तर माझा भडका उडंल. हिची लाकडं वाचतील, पर तू फुकट जाशील."

गेणबा हसला. बिडी कानावर ठेवून तो बाजेशेजारी बसला. त्याचा फोन भामाबाईने दुसऱ्या सॉकेटला लावला आणि चहा टाकायला आत गेली. आतून तिला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. यंदा कुठल्या घाटाने उतरणार, कुठल्या गावाने रात्री शेतात मेंढरं बसवायला जागा दिली, कुठल्याने नाही. बिरदेव तीन शब्द बोलून थांबत होता. गेणबा थांबण्यापुरता थांबत होता. मध्येच बिरदेव म्हणाला, "त्यो काळ्या तोंडाचा… मागचा पाय बघ त्याचा. खुरात… काटा हाय." गेणबा वळून पाहू लागला. सव्वादोनशे मेंढरांत त्याला तो दिसेना.

भामाबाई कपबश्या घेऊन दारात आली तेव्हा कळपाचा पुढचा भाग बनाबाईच्या कडवळाच्या उभ्या चाऱ्यात शिरत होता. गेणबाची पाठ तिकडे होती. बिरदेवने पाहिलं. तो कोपरावर उठला, तळहात तोंडाशी नेला, छाती भरून घेतली.

आवाज आला नाही. नुसती हवा बाहेर पडली आणि पाठोपाठ खोकला. त्याने दुसऱ्यांदा हात तोंडाशी नेला, मग तसाच खाली घेतला आणि घोंगडीवर ठेवला.

भामाबाईने कपबश्या उंबऱ्यावर ठेवल्या. दोन पावलं अंगणात आली, उजवा तळहात तोंडाच्या कडेला धरला आणि हाळी दिली. घशाच्या मुळातून निघून वर चढत जाणारी, शेवटी एकदम तोडलेली लांब हाळी. कुंपणावरची बनाबाईची कोंबडी फडफडत खाली पडली. कडवळात शिरलेली मेंढरं जागच्या जागी थांबली. तिने दुसऱ्यांदा दिली. म्होरक्याने मान फिरवली, आणि त्याच्यामागे एकेक करत सगळा कळप रस्त्यावर परतला.

"आयला, वैनी!" गेणबा उभाच राहिला होता. "ही मेंढरं माझ्या बायकूचं बी आयकत न्हाईत."

त्याने घाईने चहा घेतला, बशी उपडी ठेवली, फोन काढून खिशात टाकला. निघताना बिरदेवच्या पायाला पुन्हा हात लावला. रस्त्यावर जाऊन त्याने काळ्या तोंडाचं मेंढरू शोधलं, त्याचा पाय गुडघ्यात धरून काटा उपसला आणि तो लांबूनच हात उंच करून दाखवला.

बिरदेव भामाबाईकडे पाहत होता.

"तुला… हाळी देता येती?"

"तुमी बाजारला जायचा चार-चार दीस. मेंढरं काय आपली आपली चरत हुती?"

"कवा… सांगितलं न्हाईस."

"तुमी कवा इचारलं?"

त्याच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. तिला वाटलं, पुन्हा खोकला. मग कळलं की तो हसतो आहे. हसताना नाकातली नळी सरकली, ती तिने वाकून नीट केली. वाकलेली ती सरळ झाली नाही. बाजेच्या कडेला, त्याच्या पायांशी, रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी ती बसली. एक ट्रॉली गेली, पॅकिंगला निघालेल्या बायकांचा टेम्पो गेला, त्यातल्या कुणीतरी तिला हाक मारली. भामाबाईने हात वर केला आणि बसून राहिली. कळप कालव्याच्या पुलावर चढत होता. दोघं जण मेंढरं मोजत होते, आपापल्या मनात.